उगाच मारलेल्या चकरा

शाळा, क्लास, नोकरी यांसाठी मारलेलं पॅडल इथं धरायचं नाही. कुठंही जायचं नसताना सायकल काढली असेल, तेवढंच सांगा. पडलेल्यांनी आधी यावं.

सुरुवात माझ्यापासून. घरात एकच सायकल, बाबांची, २८ इंची. सीटवर बसलं की पाय हवेत, म्हणून नळीखालून पाय घालून अर्धी कैची. अंग एकीकडं, सायकल दुसरीकडं, आणि पॅडल पूर्ण फिरवायची छाती होत नसे. नुसतं खाली दाबायचं, पुन्हा वर आणायचं. वर्षभर हेच. निघणं जमलं होतं, थांबणं नाही. त्यासाठी ओळखीचा एक वाळूचा ढीग होता.

*

अर्धी कैची जमते ती फ्रीव्हीलमुळं. पॅडल मागं आणलं तरी चाक पुढंच पळतं. आम्हाला मात्र त्याच्या कटकट आवाजाचं वेड. जोरात पॅडल मारायचं, मग पाय स्थिर ठेवून ऐकत राहायचं. ज्याची सायकल जास्त वेळ कटकटेल तो जिंकला.

*

मी चोविसाव्या वर्षी शिकले, हसू नका. मैत्रिणीनं सीट खाली केली आणि म्हणाली, दोन्ही पॅडल काढून टाकू, तू जमिनीला पाय मारत जा. मला वाटलं चेष्टा करतेय. पुढं कधीतरी वाचलं की १८१७ मधल्या कार्ल फॉन ड्राइसच्या दुचाकीला पॅडल नव्हतंच, लोक असेच पाय मारत जायचे.

तर उजवं पॅडल झटक्यात निघालं. डावं निघेना. दोघींनी पान्यावर जोर लावला, मी तर त्यावर उभीसुद्धा राहिले, आणि ते आणखीच आवळलं गेलं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, चालवताना आपोआप सैल पडू नये म्हणून! हे कळेपर्यंत अंधारलं. दुसऱ्या दिवशी उतारावर दोन्ही पाय उचलले आणि पंधरावीस फूट कुणी न धरता गेले. किती ओरडले ते मैत्रीण अजून करून दाखवते.

*

डबलसीटचा एकच अनुभव. मागच्या चाकात टाच गेली. पुढचं नको.

*

कॉलेजात आम्ही चौघं जेवणं झाली की निघायचो. दिवा एकाच सायकलला, टायरवर घासत फिरणाऱ्या डायनॅमोचा. वेग तेवढा उजेड. म्हणजे उतारावर झगमगाट, आणि चढावर, जिथं खड्डे बघायची सवड असते, तिथं काजवा. शिवाय डायनॅमो लावला की सायकल जड जाते, त्यामुळं दिवावाला कायम मागं आणि बाकीचे तिघं पुढं अंधारात. शेवटी ठरलं, दिवा पुढं ठेवायचा आणि एकानं मागून त्याच्या पाठीला हात लावून रेटायचं. रेटणारा बहुधा मीच. एकदा चढ संपल्यावर तो दम खायला न सांगता थांबला. चाक थांबलं, दिवा गेला, आणि मी त्याच्या मडगार्डवर.