कॅनडा, मेक्सिको आणि मध्ये पुणे: वर्षाचे दिवस कसे बसवायचे?

मिसिसागाकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही निवृत्त, वय ६७ आणि ६६. मिसिसागात स्वतःचं घर आहे. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल मेक्सिकोत, चपाला तळ्याकाठी आहिहिकला भाड्याच्या घरात राहायचं आणि ऑगस्टमध्ये दीड महिना पुण्याला जायचं, असा दरवर्षीचा बेत आहे. मी कॅनडाचा नागरिक, ओसीआय (भारताचं परदेशस्थ भारतीयांसाठीचं कार्ड) आहे. सौ. पीआरवर (कायम वास्तव्याचा परवाना), पासपोर्ट भारतीय. कॅनडात १७ वर्षं झाली, ओएएस (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) दोघांनाही सुरू आहे.

ओंटारियोचं हेल्थ कार्ड टिकेल ना? मेक्सिकोचा रेसिडेंट व्हिसा घ्यावा की टुरिस्ट म्हणून जावं? गाडी न्यायची का? आणि हिवाळ्यात घर बंद ठेवताना काय काय बघायचं? औषधं आणि विम्याबद्दलही कुणी नीट सांगितलं तर बरं.

---

दिवसमोजणी

हेल्थ कार्डापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ओहिपचा (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा, हे कार्ड त्याचंच) नियम असा: कुठल्याही सलग १२ महिन्यांत किमान १५३ दिवस ओंटारियोत प्रत्यक्ष हजर असायला हवं. म्हणजे बाहेर जास्तीत जास्त २१२ दिवस. हे जानेवारी ते डिसेंबर असं मोजत नाहीत. कुठल्याही तारखेपासून मागे १२ महिने बघतात, त्यामुळे "यंदा जास्त झाले, पुढच्या वर्षी कमी करू" हे चालत नाही.

आता तुमचा बेत. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल म्हणजे १८१ दिवस. उरले ३१. ऑगस्टचा दीड महिना म्हणजे ४५ दिवस, तिथेच गणित फसलं. त्यात बफेलोची खरेदी, न्यू जर्सीची मुंज, नायगाराच्या पलीकडची एखादी रात्र असं सगळं त्याच खात्यात पडतं. ओहिपला देश कोणता याच्याशी देणंघेणं नाही, ओंटारियोबाहेर म्हणजे बाहेर.

उपाय सोपा आहे: पुण्याची फेरी हिवाळ्यात घ्या. १५ ऑक्टोबरला टोरांटो सोडा, दिवाळी आणि त्यानंतरचे काही आठवडे पुण्यात, ५ डिसेंबरच्या सुमारास मेक्सिको, ३० एप्रिलला परत. एकूण १९८ दिवस बाहेर, हातात १४ शिल्लक. शिवाय मेक्सिकोतले दिवस १४७ वर येतात, म्हणजे टुरिस्टच्या १८० दिवसांच्या मर्यादेत आरामात. ऑगस्टमधल्या पुण्याच्या पावसापेक्षा नोव्हेंबर बराही.

बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. चौकशी झाली तर सिद्ध तुम्हाला करावं लागतं. हा नियम ओंटारियोपुरता आहे. क्वेबेकमध्ये कॅलेंडर वर्ष धरतात आणि २१ दिवसांपर्यंतच्या फेऱ्या मोजतच नाहीत. म्हणून मॉन्ट्रियलच्या मित्राचा सल्ला मिसिसागात लागू होत नाही.

ओएएस: १८ वर्षांच्या वयानंतर कॅनडात २० वर्षं पूर्ण झालेली असतील तर कुठेही कितीही राहा, पैसे येत राहतात. तुमची १७ आहेत. अशा वेळी निघण्याचा महिना आणि त्यापुढचे सहा महिने एवढंच मिळतं, मग तुम्ही परत येईपर्यंत बंद. १५ ऑक्टोबरला निघालात तर एप्रिलपर्यंत चालेल, म्हणून ३० एप्रिल ही तारीख पुढे ढकलू नका. जीआयएस (कमी उत्पन्नवाल्या ज्येष्ठांची पुरवणी रक्कम) मिळत असेल तर हीच मर्यादा २० वर्षांनंतरही कायम राहते. सीपीपीला (नोकरीतल्या वर्गणीवरची पेन्शन) असं काही बंधन नाही. एक वाट आहे: भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा करार १ ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. भारतात पेन्शन योजनेत नोकरीची वर्षं भरली असतील तर ती या २० वर्षांच्या अटीसाठी धरता येतात. सर्व्हिस कॅनडाकडे त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही.

टॅक्समध्ये फरक पडत नाही. घर, बँक, हेल्थ कार्ड सगळं इथे आहे, त्यामुळे सीआरएच्या (कॅनडाचं कर खातं) दृष्टीने तुम्ही इथलेच रहिवासी. नेहमीसारखं रिटर्न भरा.

---

ग्वादालाहारा_मार्गे

दिवसमोजणी यांनी दिलेलं वेळापत्रक धरलं तर रेसिडेंट व्हिसाची गरजच उरत नाही, पण टुरिस्ट म्हणून जाताना एक गोष्ट पक्की करा. १८० दिवस हा हक्क नाही, ती कमाल मर्यादा आहे. किती द्यायचे हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो आणि शिक्क्यावर आकडा लिहितो. परतीचं तिकीट आणि भाडेकरार कागदावर हातात ठेवा, मुक्काम किती ते स्पॅनिशमध्ये सांगा ("सिएन्तो सिन्क्वेन्ता दीआस" म्हणजे १५०), आणि काउंटर सोडण्याआधी आकडा वाचा. ३० लिहिलेले असतील तर तिथेच विनंती करायची. नंतर देशात राहून टुरिस्टचे दिवस वाढवता येत नाहीत.

वहिनींचं: कॅनडाचं पीआर कार्ड असलेल्यांना मेक्सिकोचा टुरिस्ट व्हिसा लागत नाही, पण कार्ड मूळ आणि मुदतीतलं हवं. तेच कार्ड कॅनडाच्या परतीच्या विमानात चढायलाही लागतं. ते हिवाळ्यात संपत असेल तर निघण्याआधी नवं करून घ्या, नाहीतर बाहेरून प्रवास दस्तऐवजासाठी अर्ज करत बसावं लागतं.

तिकीट काढताना अमेरिकेतून जाणारं स्वस्त दिसेल. भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. मुंबईहून मेक्सिको सिटीला पॅरिस, फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅममार्गे जा. पीआर कार्ड असेल तर शेंगेनचा (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांचा) विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, अट एवढीच की आंतरराष्ट्रीय भागाबाहेर पडायचं नाही. पॅरिसला उतरून ॲमस्टरडॅमहून पुढचं विमान, असं तिकीट घेऊ नका. त्या मधल्या विमानासाठी शेंगेनमध्ये प्रवेश करावा लागतो आणि मग पूर्ण व्हिसा हवा. एजंट हे बरेचदा बघत नाहीत.

तरीही रेसिडेन्ते तेम्पोराल, म्हणजे मेक्सिकोचा तात्पुरता रेसिडेंट व्हिसा, हवाच असेल (स्थानिक बँक खातं, ६० नंतरचं इनापाम सवलत कार्ड, गाडी दीर्घकाळ ठेवणं), तर अर्ज मेक्सिकोबाहेरच्या त्यांच्या वकिलातीत, उदाहरणार्थ टोरांटोत. उत्पन्नाची किंवा शिलकीची रक्कम दरवर्षी बदलते, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच त्याच वकिलातीचा चालू तक्ता बघा. व्हिसाचा स्टिकर १८० दिवसांत एकदा वापरायचा आणि पोचल्यापासून ३० दिवसांत आयएनएमच्या (मेक्सिकोचं इमिग्रेशन खातं) कार्यालयात कार्डासाठी जायचं. इथे हमखास होणारी चूक: कॅनेडियन पासपोर्टवाले विमानतळावरच्या स्वयंचलित गेटमधून जातात. ते गेट तुमची नोंद टुरिस्ट म्हणून करतं आणि रेसिडेंटची प्रक्रिया अडकते. माणूस बसलेल्या काउंटरलाच जा, स्टिकर दाखवा, "कान्हे" (व्हिसाच्या बदल्यात कार्ड) हा शब्द वापरा, आणि ३० दिवसांची नोंद झाली का ते बघा.

नवऱ्याच्या उत्पन्नावर बायकोचा अर्ज करायचा तर विवाह प्रमाणपत्र अपोस्टिल केलेलं (परदेशात ग्राह्य धरलं जाण्यासाठी सरकारने प्रमाणित केलेलं) आणि स्पॅनिशमध्ये भाषांतरित हवं. लग्न महाराष्ट्रात नोंदवलं असेल तर अपोस्टिल भारतातूनच होतं: आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. कॅनडा अपोस्टिल करारात ११ जानेवारी २०२४ पासून आहे, पण कॅनडा फक्त कॅनडाच्या कागदांना अपोस्टिल देतो. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते आणि प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, हा घोळ तर घरोघरी. पुण्याच्या फेरीत हे काम उरकता येईल. दोघांचं आपापलं उत्पन्न पुरत असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करा, सगळी कटकट वाचते.

गाडी नेऊ नका. मिसिसागाहून साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, वहिनींना अमेरिकेचा व्हिसा, कॅनडाचा वाहन विमा मेक्सिकोत चालत नाही म्हणून तिथली वेगळी पॉलिसी, आणि सीमेवर बान्हेर्सितो या मेक्सिकोच्या सरकारी बँकेकडे तात्पुरत्या आयातीचा परवाना. २००७ किंवा त्यानंतरच्या गाडीला ४०० अमेरिकी डॉलर अनामत. ती परत मिळते, पण परवान्याची मुदत संपायच्या आत गाडी बाहेर काढून परवाना रद्द करून घेतला तरच. आहिहिकमध्ये चालत, बसने, टॅक्सीने भागतं.

---

मिसिसागाकर

दोघांचेही आभार. वेळापत्रक बदलतो, व्हिसा आणि गाडी दोन्ही विषय संपले. आता घर. शेजारी म्हणतात थर्मोस्टॅट १५ वर ठेवा आणि निघा. एवढं पुरतं?

---

बेसमेंटवाला

नाही पुरत. वीज गेली किंवा फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) बंद पडली की एका रात्रीत पाइप फुटतो, आणि पाणी चालू असेल तर कुणी येईपर्यंत तळघर भरतं. नुकसान करतं ते मागून येणारं पाणी.

आधी पॉलिसी काढून "हिवाळी हंगामात गैरहजेरी" हे कलम वाचा. अनेक पॉलिसींत चार दिवसांपेक्षा जास्त बाहेर असाल तर एकतर कुणीतरी रोज घरात येऊन बघायला हवं, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले हवेत. दोन्ही नसेल तर गोठून झालेल्या नुकसानीचा दावा फेटाळतात. साडेसहा महिने जाणार हे कंपनीला ईमेलने कळवा, फोनवर नको. उत्तर जपून ठेवा.

क्रम असा. गीझर गॅसचा असेल तर त्याची कळ "व्हेकेशन" वर. विजेचा असेल तर ब्रेकर पाडा, रिकाम्या टाकीत विजेची कॉइल जळते. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद. वरच्या मजल्यावरचे नळ उघडा, मग तळघरातला सर्वांत खालचा नळ, म्हणजे पाइपमधलं पाणी उतरतं. फ्लश करून टाक्या रिकाम्या करा. बेसिन, शॉवर, फ्लोअर ड्रेनच्या ट्रॅपमध्ये (खालचा वाकडा पाइप, ज्यात पाणी साचून राहतं) गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ प्रत्येकी साधारण अर्धा लिटर ओता. गाडीचं हिरवं ओतू नका, ते विषारी असतं. ट्रॅप भरलेला राहिला की गटाराचा वासही घरात येत नाही. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर, फ्रिजचा बर्फाचा पाइप आणि बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह, हे तीन नेहमी राहून जातात.

सम्प पंपाला (तळघरात साचणारं पाणी बाहेर टाकणारा पंप) बॅटरी बॅकअप लावा. तो खरा लागतो मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळताना, आणि तेव्हा तुम्ही तळ्याकाठी असणार. फुटपाथवरचा बर्फ काढायला माणूस ठरवा. घर बघायला येणाऱ्याने प्रत्येक वेळी थर्मोस्टॅटचा तारखेसह फोटो पाठवावा. दावा करायची वेळ आली तर तोच पुरावा.

---

फार्मसी_काउंटर

औषधं: ६५ वरच्यांना ओडीबीवर (ओंटारियोची सरकारी औषध योजना) एरवी १०० दिवसांचं मिळतं. त्याहून जास्त दिवस प्रांताबाहेर जाणार असाल तर प्रवासाचा पुरावा दाखवून २०० दिवसांपर्यंतचं घेता येतं. तुमचे १९८ त्यात बसतात. फार्मसीला दोन-तीन आठवडे आधी सांगा, एवढा साठा लगेच नसतो. मूळ लेबलच्या बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. सर्दीच्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन आहे का बघा, ते मेक्सिकोत बंदी असलेलं आहे.

विमा: ओहिप परदेशात रुग्णालयात दाखल झाल्यावर दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर देतं. खाजगी रुग्णालयाच्या बिलापुढे ते काहीच नाही, त्यामुळे प्रवास विमा हवाच. भारत आणि मेक्सिको दोन्ही देश आणि पूर्ण १९८ दिवस एकाच पॉलिसीत घ्या. "स्थिर" आजाराचं कलम सर्वांत जास्त फसवतं. पॉलिसीनुसार ९०, १८० किंवा ३६५ दिवसांत औषध बदललेलं चालत नाही, आणि बदल म्हणजे डोस कमी केलेलाही. रक्तदाब सुधारला म्हणून सप्टेंबरमध्ये गोळी अर्धी केली तर ऑक्टोबरमध्ये तुम्ही विमा कंपनीच्या लेखी अस्थिर. म्हणून डॉक्टरांची भेट उन्हाळ्याच्या सुरुवातीला घ्या आणि त्यानंतर बदल झालाच तर कंपनीला कळवून लेखी उत्तर मिळवा. दाखल होण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, नाहीतर भरपाई कमी होते. आणि तिथली खाजगी रुग्णालयं आधी क्रेडिट कार्डावर अनामत मागतात, तेवढी मर्यादा कार्डावर मोकळी ठेवा.

---

बॉयलरदुरुस्ती

बेसमेंटवाला यांच्या यादीत एक भर. मिसिसागाकर यांच्याकडे गरम हवेचा फर्नेस असेल तर ती यादी जशीच्या तशी चालेल. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे बॉयलर आणि रेडिएटर असतील तर मुख्य व्हॉल्व्ह सरसकट बंद करू नका. त्याला पाणी भरणारी लाइन बंद झाली आणि दाब उतरला की बॉयलर थांबतो, मग घरच गोठतं. अशा घरात बॉयलरची लाइन चालू ठेवून बाकीच्या शाखा वेगळ्या बंद करायच्या. शाखांना स्वतंत्र व्हॉल्व्ह नसतील तर ते ऑक्टोबरच्या आधी प्लंबरकडून बसवून घ्या.