मदत हवी आहे: जयसिंगपूरला राहायला जावं का?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहतोय, पोरगी आता चालायला लागलीय आणि दारातनं पाऊल टाकलं की डायरेक्ट गाड्याच, म्हणून जयसिंगपूरचा विचार चाललाय. शाहू महाराजांनी आखून वसवलेलं गाव, त्या सरळ गल्ल्या मला फार आवडल्यात. पण मिस्टरांची नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, म्हणजे मिरज लाईनच्या पॅसेंजरनं कोल्हापूर स्टेशन आणि तिथनं पुढं परत बस. खरी धास्ती पावसाळ्याची, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, तसं झालं तर हे तिकडं आणि मी लेकराला घेऊन इकडं. रोज ये-जा करणाऱ्यांनी प्लीज सांगा, सेकंड शिफ्ट सुटल्यावर परतायला काय मिळतं? स्टेशनजवळच्या भागात बालवाडी, लहान मुलांचे डॉक्टर आहेत का?