छोट्या संगणकावर हार्ड डिस्क मध्येच गायब होते : आधी ‘यूएएस’ बंद करावे की वीज तपासावी?

धागाकर्ता

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला जोडलेली बाह्य हार्ड डिस्क मोठी फाइल कॉपी करताना मध्येच गायब होते आणि फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरते, अशी तक्रार आली की पहिला सल्ला ठरलेला असतो : यूएएस (यूएसबी डिस्कला एकाच वेळी अनेक आज्ञा पाठवणारी वेगवान पद्धत) बंद करा. म्हणजे बूटच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सूचनांच्या फाइलमध्ये) त्या उपकरणाचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक लिहायचे, पुढे ‘यू’ जोडायचा आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर उतरवायचे.

हा सल्ला पहिला नव्हे, शेवटचा असावा, असे माझे मत आहे. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा दिला तर ती १.६ होते, ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर मात्र ती केवळ ०.६ राहते. अडीच इंची डिस्कची मोटर फिरू लागताना क्षणभर १ अँपिअरच्या आसपास वीज मागू शकते. त्यातच दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर ड्रायव्हर कोणता आहे हा प्रश्न गौण ठरतो. शिवाय यूएएस बंद केल्याने वाचन-लेखनाचा वेग मंदावतो, एसएसडीची विजेची मागणीही त्यामुळे उतरते, आणि मूळ दोष तसाच राहून लक्षण तेवढे दिसेनासे होते.

प्रतिसाद १ (ब्रिजवाला)

असहमत. अनेक एन्क्लोजरमधील (डिस्कच्या बाह्य पेटीतील) साटा-यूएसबी ब्रिज चिप, म्हणजे डिस्कची साटा जोडणी यूएसबीत बदलणाऱ्या चिप, आपल्याला यूएएस येते असे जाहीर करतात, पण एकाच वेळी अनेक आज्ञा रांगेत आल्या की अडखळतात. जेमायक्रॉनच्या काही चिपबद्दल ही तक्रार जुनी आहे. लिनक्स कर्नलमध्येच अशा उपकरणांची यादी ठेवलेली आहे आणि त्यांच्यापुरते यूएएस आपोआप टाळले जाते. जी गोष्ट कर्नलचे विकासक स्वतः करतात, तिला आपण लक्षण झाकणे कसे म्हणणार?

विजेची तपासणी तर एका आदेशात होते. पायवरच्या व्हीसीजेनसीएमडी या आदेशाला थ्रॉटलिंगची (वीज कमी पडणे किंवा तापणे यामुळे वेग घटवल्याची) स्थिती विचारली आणि उत्तर शून्य आले, तर बूट झाल्यापासून व्होल्टेज एकदाही घसरलेले नाही. त्यानंतरही स्वतंत्र वीज असलेला हब विकत घ्या म्हणणे मला पटत नाही. त्यातून काही स्वस्त हब उलटी वीज पायमध्येच सोडतात, ती भानगड वेगळीच.

प्रतिसाद २ (केबलतज्ज्ञ)

त्या शून्याचा अर्थ तुम्ही लावता तेवढा व्यापक नाही. कमी विजेची ती खूण बोर्डावरचे व्होल्टेज साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की उमटते. पोर्टपासून डिस्कपर्यंतच्या लांब, बारीक केबलमध्ये जी घट होते ती बोर्डाला दिसतच नाही. म्हणजे पाय समाधानी आणि डिस्क उपाशी, असे सहज घडू शकते.

याचा निकाल लावायचा तर तीच ब्रिज चिप असलेल्या साडेतीन इंची एन्क्लोजरमध्ये, स्वतंत्र १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क जोडून पाहावी. तीही यूएएसखाली तशीच अडखळली, तर पायकडून मिळणाऱ्या विजेवरचा संशय बराच कमी होतो. यूएसबी २ च्या काळ्या पोर्टचा प्रयोग मात्र फसवा आहे, कारण तिथे विजेची मर्यादा तीच असली तरी वेगही उतरतो.

धागाकर्ता

प्रयोग मान्य, पण तशी दुसरी डिस्क प्रत्येकाकडे नसते. आखूड केबल आणि योग्य अडॅप्टर यांनी सुरुवात करणे सोपे आहे, म्हणून माझा क्रम तोच राहील.

प्रतिसाद १ (ब्रिजवाला)

क्रम कर्नलच्या नोंदीने ठरवावा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आदेशात) डिस्कचा संबंध तुटून ती लगेच नव्या क्रमांकाने पुन्हा ओळखली गेल्याचे दिसले, तर आधी वीज आणि केबल तपासावी, इथवर मी येतो. पण संबंध न तुटता यूएएसच्या आज्ञा रद्द होत असतील आणि मागोमाग पोर्ट रीसेट होत असेल, तर मी पहिला संशय ब्रिजवर घेईन. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर यूएएस गेल्याने सलग वाचनाचा वेग फारसा घटत नाही. तुम्ही सांगता तो तोटा मुख्यतः एसएसडीचा आहे.

प्रतिसाद ३ (जुना प्रशासक)

दोन्ही पक्ष डिस्क निरोगी आहे असे धरून चालले आहेत. नोंदीत ‘मीडियम एरर’ (डिस्कचा भागच वाचता न येण्याची चूक) असेल, तर दोष ना विजेचा ना ड्रायव्हरचा. डिस्कचे आरोग्य तपासणाऱ्या स्मार्टसीटीएल या आदेशाला ‘सॅट’ हा जोडणीचा प्रकार सांगून बहुतेक ब्रिजमधूनही डिस्कची माहिती वाचता येते. तिथे प्रलंबित (वाचता न आलेल्या) सेक्टरांचा आकडा वाढताना दिसला, तर फाइल सिस्टिम दुरुस्त करण्याचा आदेश त्या डिस्कवर चालवू नये; आधी तिची प्रतिमा (जशीच्या तशी संपूर्ण प्रत) दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. तोवर एफएसटॅबमधील (कोणत्या डिस्क आपोआप जोडायच्या त्या यादीच्या फाइलमधील) तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहून ठेवावे, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी संगणक बूट होताना अडणार नाही.