बीपी नॉर्मल, तरी डॉक्टरना उठवू का?

प्रश्न: बेळगावात सर्जिकल वॉर्डला नाईट आहे. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट, बीपी १२०/८०, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६, पण श्वास मिनिटाला २६ आणि सारखी चुळबुळ चाललीय. सीनियर म्हणतात आकडे बरे हाईत, थांब. काय करू ओ?

निपाणीकर: २६ बरा कुठला ओ? मोठ्या माणसाचा १२ ते २०. श्वास आधी वाढतो, बीपी बऱ्याचदा शेवटी पडतं. न्यूज-२ स्कोअरमध्ये (पेशंट बिघडतोय का ते आकड्यांवरून ओळखायची पद्धत, मार्क जास्त तितका धोका जास्त) २५ पासून एकट्या श्वासालाच ३ मार्क, म्हणजे डॉक्टरना लगेच सांगायचं.

खानापूरची ताई: पूर्ण मिनिट मोजलंत न्हवं? कितीतरी जण न बघताच २० लिहून मोकळे होतात. लघवी किती झाली, पोट कडक हाय का बघा आणि फोनवर आकडेच सांगा, नुसतं बरं वाटेना म्हटलं की सकाळी बघू म्हणतात.

प्रश्नकर्ती: परत मोजलं, २८. लघवी कमीच. फोन केला, येतायत.