पंखा हवा, पण झोत नको

‘पंख्याखाली कुंडी ठेवली की पानांच्या कडा करपतात, म्हणून घरातल्या झाडांना वारा नकोच’ असं घरातल्या झाडांबद्दल कुणीतरी लिहिलंय. त्यातलं पहिलं अर्धं पटतं. झोत थेट अंगावर आला तर मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडतं. पण हवा अजिबातच हलली नाही तरी झाड अडतं. पानाला लागून दमट हवेचा पातळ थर साचतो, तो मोडला नाही की बाष्पोत्सर्जन (पानांतून पाणी उडणं) मंदावतं, आणि कॅल्शियम मुळांकडून वर जातं ते याच पाण्याबरोबर. कार्बन डायऑक्साइडही पानापर्यंत हळू पोचतो.

आणि ‘पानं कोरडी ठेवली की बुरशी येत नाही’ हे निदान नाशिककरांनी तरी म्हणू नये! निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा. द्राक्षावरच्या दोन बुरशींपैकी डाऊनीला (केवड्याला) ओलं पान लागतं, भुरीला (पांढऱ्या पावडरीसारखी दिसते ती) नाही. सावली आणि कोंदट दमट हवा तिला पुरते. म्हणून तर बागेत फेलफुटी (नको असलेल्या जादा फुटी) काढतात, घडाजवळची पानं विरळ करतात. थंडीत आमच्या फ्लॅटच्या खिडक्या बंद असल्या की बिगोनियावर तसलीच पांढरी पावडर यायची (बुरशीची जात वेगळी, खोडी त्याच). आता कुंड्या जरा लांब लांब ठेवल्यात आणि छोटा फिरता टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर, तोंड भिंतीकडे करून. पावडर बरीच आटोक्यात आहे. माती मात्र लवकर वाळते, त्यामुळे वार ठरवून पाणी घालणं बंद. बोट खुपसून बघायचं आणि मगच घालायचं.