दोषाचे ‘पुनरुत्पादन’ : योग्य शब्द कोणता?

अनुवादिका

तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांसाठी, सॉफ्टवेअरमधील दोष पद्धतशीरपणे कसे शोधावेत यावरील एका प्रकरणाचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे आणि पहिल्याच पायरीवर अडले आहे. ती पायरी अशी, की तक्रार आल्यावर कोडला हात लावण्यापूर्वी तो बिघाड आपल्या यंत्रावर हवा तेव्हा घडवून पाहता आला पाहिजे. इंग्रजीत यासाठी ‘रिप्रोड्यूस’ हे क्रियापद सर्रास वापरतात. कोशाच्या आधाराने मी ‘दोषाचे पुनरुत्पादन’ असे लिहिले, तर मजकूर तपासणाऱ्या प्राध्यापकांनी समासात शेरा मारला, “पुनरुत्पादन जीवांचे होते, दोषांची वीण वाढवायची आहे काय?” शेरा बोचरा असला तरी खोटा नाही. ‘पुनरावृत्ती’ आपोआपही होते, येथे मात्र ती कोणीतरी मुद्दाम करायची आहे. ‘पुनर्निर्मिती’ म्हटले तर दोष नव्याने तयार केल्यासारखे वाटते. ‘पुनःप्रत्यय’ मला आवडला होता, परंतु त्या शब्दाला साहित्यचर्चेत आनंदाची अशी जोड बसली आहे की तो दोषाजवळ ठेवताना हात थबकतो.

प्रकरणातील उदाहरण साधे आहे. पुढील हप्त्याची तारीख काढणारा प्रोग्राम केवळ महिन्याचा आकडा एकाने वाढवतो, त्यामुळे ३१ जानेवारीला तो ३१ फेब्रुवारी शोधू लागतो आणि बंद पडतो. तक्रार तपासणाऱ्यापर्यंत पोहोचते तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो आणि सर्व काही सुरळीत दिसते. अशा वेळी यंत्राची तारीख मागे नेऊन तोच प्रकार पुन्हा घडवावा लागतो. या कृतीला मराठीत काय म्हणावे?

रात्रपाळी

आमच्या कामात ‘रिप्रो होतंय का?’ एवढेच विचारले जाते आणि तक्रारीसोबत पायऱ्या लिहिलेल्या नसतील तर ती तक्रार कोणी हातात घेत नाही. आपल्याला मराठीच हवे असेल तर ‘पुन्हा घडवणे’ पुरेसे आहे. मात्र प्राध्यापकांच्या शेऱ्यापेक्षा मला निराळी अडचण दिसते. आपण पुन्हा घडवतो तो दोष नव्हे. दोष कोडमध्ये बसलेलाच असतो, रात्रंदिवस, कोणी प्रोग्राम चालवो अथवा न चालवो. पुन्हा घडतो तो बिघाड. लिहिणाऱ्याची ती चूक, कोडमध्ये राहिला तो दोष आणि चालताना दिसला तो बिघाड, असे तीन शब्द आपण वेगळे ठेवले नाहीत तर पुढचे संपूर्ण प्रकरण विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून जाईल.

एरियन ५ या अग्निबाणाचे उदाहरण त्यांना अवश्य द्यावे. ४ जून १९९६ रोजी प्रक्षेपणानंतर सुमारे ३७ सेकंदांनी तो भरकटला आणि नष्ट झाला. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही, हे त्याचे कारण. कोडचा तो भाग एरियन ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता आणि एरियन ४ चा वेग तेवढा वाढतच नसल्याने तेथे त्याने कधी त्रास दिला नव्हता. दोष होता, बिघाड नव्हता. असे असताना ‘दोषाचे पुनरुत्पादन’ या शब्दप्रयोगातील पहिला शब्दच चुकीचा ठरतो, दुसऱ्याचा विचार नंतर करता येईल.

मुद्रितशोधक

चूक, दोष आणि बिघाड हा भेद मान्य. ‘रिप्रो’ आणि ‘डिबगिंग’ (दोष शोधून काढून टाकणे) या इंग्रजी शब्दांना मात्र माझा विरोध आहे, कारण या संपूर्ण प्रक्रियेसाठी आपल्याकडे ‘दोषशोधन’ हा स्वयंपूर्ण शब्द सहज घडतो. ‘शुध्’ या धातूचा अर्थ स्वच्छ होणे असा आहे. म्हणून ‘शोधन’ म्हणजे निव्वळ हुडकणे नव्हे, तर हुडकून स्वच्छ करणे. मुद्रितशोधन करणारा केवळ चुका मोजत बसत नाही, तो त्या सुधारतो. ‘संशोधित आवृत्ती’ म्हणजे शोधलेली आवृत्ती नव्हे, सुधारलेली आवृत्ती. इंग्रजीतील ‘डिबगिंग’प्रमाणेच शोधणे आणि सुधारणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात सामावण्याची सोय यात आहे.

रात्रपाळी

हीच सोय घातक आहे. शोधणे आणि सुधारणे एका शब्दात गुंडाळले की माणसे शोधण्यापूर्वीच सुधारू लागतात. कारण कळलेले नसताना दोन ओळी बदलून पाहायच्या, बिघाड दिसेनासा झाला की काम संपले असे मानायचे, आणि तो महिनाभराने दुसऱ्या पडद्यावर दिसला की आश्चर्य व्यक्त करायचे, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की दोन्ही क्रियांना दोन स्वतंत्र शब्द असावेत, आणि शक्य असल्यास मध्ये एक भिंतही असावी, असे माझे मत झाले आहे.

सह्याद्रीपल्याड

‘डिबगिंग’मधला ‘बग’ म्हणजे किडा, प्रोग्राममधील दोषाचे इंग्रजी नाव. या शब्दाला एवढे परके मानण्याचे कारण नाही. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क २ या संगणकात पतंग अडकला आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, शब्द सर्वांच्या तोंडी आहे, मग त्याचे मराठीकरण कशासाठी?

कंसातला

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, परंतु अर्धीच. ९ सप्टेंबर १९४७ या तारखेच्या नोंदवहीत तो पतंग चिकटपट्टीने चिकटवलेला आहे आणि ती वही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पण त्याखालची ओळ पाहावी. ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना’ अशा आशयाची ती नोंद आहे. लिहिणाऱ्याला विनोद करता आला तो शब्द आधीच रुळलेला होता म्हणून. टॉमस एडिसन याने १८७८ सालच्या एका पत्रात आपल्या शोधांमधील लहानसहान अडचणींसाठी हाच शब्द वापरलेला आहे. त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर यांनी ही हकिकत पुढे अनेक व्याख्यानांत रंगवून सांगितली, त्यामुळे पतंगाचे श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले. शिवाय, पतंग हा रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या कळीमध्ये, बाहेरून येऊन अडकलेला जीव होता. कोडमधील दोष बाहेरून उडत येत नाही, तो आपणच लिहितो. एट्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचा ‘बग’ या शब्दावरचा आक्षेप नेमका हाच होता: प्रोग्रामरचे लक्ष नसताना कोणीतरी लबाडीने आत शिरले, असा भास तो शब्द निर्माण करतो, म्हणून सरळ ‘चूक’ म्हणावे.

सह्याद्रीपल्याड

आमच्या गावाकडे ‘बग’ म्हणजे ‘बघ’. ‘बग की जरा’ असे म्हटले की काम निम्मे झाले. हा शब्द आपलाच आहे, असे मी आता गंभीरपणे मांडणार आहे.

नाशिकचा वैद्य

विनोद बाजूला ठेवून एक सुचवतो. आयुर्वेदातील निदानपंचक या कामासाठी तयार आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी ती पाच अंगे. व्यवहारात आपण निदान म्हणजे रोग ओळखणे असे समजतो, परंतु शास्त्रात निदान म्हणजे हेतू, अर्थात मूळ कारण. रूप म्हणजे दिसणारे लक्षण, तोच येथील बिघाड. संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत व्याधी कसकशी घडत गेली तो मार्ग. उपशय सर्वांत उपयोगी आहे. व्याधीचे स्वरूप गूढ असेल तेव्हा विशिष्ट औषध, आहार किंवा विहार देऊन पाहायचे आणि आराम पडतो की त्रास वाढतो यावरून कारण ताडायचे. एक बदल करून पाहणे आणि अंदाज टिकतो की कोसळतो हे तपासणे, असे आपण म्हणत असाल तर त्याला उपशय हा शब्द शोभेल.

कंसातला

संप्राप्तीशी जुळणारी कल्पना संगणकशास्त्रातही आहे. आंद्रेआस त्सेलर हे जर्मन संशोधक सदोष ओळ आणि दिसणारा बिघाड यांच्यामध्ये ‘संसर्ग’ अशी एक अवस्था मानतात. चुकीचे मूल्य एका चलातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जात राहते आणि शोधणाऱ्याला ती साखळी उलट दिशेने चालत जावी लागते.

उपशयाबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रियट यंत्रणेने येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात चाले, एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, आणि सुमारे १०० तास सलग चालल्यावर ती बारीक तूट ०.३४ सेकंदांपर्यंत साचली होती. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली की घड्याळ शून्यावर येई आणि आराम पडे. फार वेळ सलग चालवू नये अशी सूचना गेली होती, परंतु फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. सुधारित सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचले. आराम पडला म्हणजे कारण कळले असे नव्हे.

नाशिकचा वैद्य

आराम पडला म्हणजे रोग गेला, असे आमच्या शास्त्रानेही कोठे म्हटलेले नाही. उपशय हे जाणण्याचे साधन आहे.

अनुवादिका

आपणां सर्वांची आभारी आहे, परंतु पहिली पायरी तशीच राहिली आहे. रात्रपाळी यांचे ‘पुन्हा घडवणे’ अर्थाला बरोबर बसते, पण त्याचे नाम आणि विशेषण कसे करावे? ‘पुन्हा घडवता येण्याजोगा बिघाड’ हे तक्त्याच्या रकान्यात मावत नाही. ‘पुनर्घटन’ आणि ‘पुनर्घटनीय’ कसे वाटतात?

या पायरीला मी एवढी का अडून बसले आहे, तेही सांगते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची हकिकत याच प्रकरणात आहे. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा बसला. टेक्सासमधील टायलर येथील कर्करोग केंद्रात मार्च १९८६ मध्ये अपघात झाला, तेव्हा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश होता. उत्पादकाच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले, त्यांना तो बिघाड पुन्हा घडवता आला नाही आणि यंत्र पुन्हा वापरात आले. एप्रिलमध्ये दुसरा अपघात झाला. त्यानंतर केंद्रातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र थांबवले आणि तंत्रज्ञ महिलेला सोबत घेऊन, ती कोणत्या क्रमाने काय टंकत होती ते आठवून, पुनःपुन्हा करून पाहिले. अखेर उमगले की प्रश्न वेगाचा होता. उपचाराचा प्रकार भरताना झालेली चूक सरावलेल्या बोटांनी झटपट दुरुस्त केली, म्हणजे यंत्राचे चुंबक जागेवर येण्यास लागणाऱ्या सुमारे आठ सेकंदांच्या आत, तर बदल पडद्यावर दिसे पण यंत्रापर्यंत पूर्ण पोहोचत नसे. सावकाश टंकून पाहणाऱ्याला तो बिघाड कधीच दिसला नसता. त्या दोघांनी जे केले त्याला ‘पुनरावृत्ती’ म्हणणे मला अपुरे वाटते.

रात्रपाळी

उदाहरण चपखल आहे. वेळेवर अवलंबून असणारे बिघाड पाहायला गेले की पळून जातात. आत डोकावण्यासाठी छापण्याची एक ओळ घातली की गती किंचित बदलते आणि बिघाड नाहीसा होतो. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ सालच्या एका निबंधात अशांना, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून, ‘हायझेनबग’ म्हटले आहे. आम्ही मराठी मंडळी त्यांना ‘लाजाळू’ म्हणतो.

मुद्रितशोधक

‘लाजाळू’ उत्तम. ‘पुनर्घटन’ मात्र नको. ‘घटना’ म्हटले की मराठी वाचकाला राज्यघटना आठवते आणि ‘पुनर्घटन’ म्हणजे मोडलेली संस्था पुन्हा उभारणे असेच वाटेल. शिवाय अनुवादिका यांनी वर ‘दुरुस्त’ हा फारसी शब्द वापरला आहे, तेथे ‘निवारण’ अधिक शुद्ध ठरले असते.

कंसातला

राज्यघटनेत बदल झाला की वृत्तपत्रे ‘घटनादुरुस्ती’ असे छापतात, ‘घटनानिवारण’ असे नव्हे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी झाली, तरी ‘दुरुस्ती’ जागची हलली नाही. शाळेच्या भूमितीत मात्र शुद्ध शब्द सुखाने नांदतात, कारण ते नेमके आहेत. कोनदुभाजक कोणालाच खटकत नाही. त्याच धर्तीवर ‘दुभाजन’ घ्यावे. हजार बदलांपैकी कोणत्या बदलाने दोष आला हे पाहायचे असेल तर मधली आवृत्ती तपासायची, ती चांगली असेल तर पुढचा अर्धा भाग आणि वाईट असेल तर मागचा अर्धा भाग घ्यायचा. सुमारे दहा तपासण्यांत दोषी बदल हाती लागतो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात ही आज्ञा तयारच मिळते.

रात्रपाळी

दुभाजन आजपासून वापरतो. फक्त प्रत्येक टप्प्यावर बिघाड खात्रीने घडवता आला पाहिजे. लाजाळू असेल तर दुभाजन चुकीच्या बदलावर बोट ठेवते.

आणखी एक शब्द हवा आहे. एकदा दुरुस्त झालेले काम दुसऱ्याच बदलामुळे पुन्हा मोडते, त्याला आम्ही ‘रिग्रेशन’ म्हणतो.

नाशिकचा वैद्य

उतरलेला ताप पुन्हा चढला की मराठीत ‘ताप उलटला’ म्हणतात. त्याला ‘उलटलेला दोष’ म्हणावे.

मुद्रितशोधक

उलटलेला ताप तोच असतो. येथे दुसऱ्या बदलाने मोडले असेल तर मूळ कारण वेगळे आहे, म्हणजे तो नवा दोष झाला. त्याला उलटलेला म्हणता येणार नाही.

रात्रपाळी

वापरणाऱ्याला दिसणारा बिघाड तोच असतो. जुनी तक्रार पुन्हा उघडायची की नव्या क्रमांकाने नवी नोंदवायची, यावर आमच्याकडे दर आठवड्याला वाद होतो, आणि ‘उलटला’ म्हटले तर जुनीच उघडणारे जिंकतील.