शुगर खाली गेली म्हणून काहीही ऐकून घ्यायचं?

रावपुऱ्याची सून: काल एका ताईंनी लिहिलं, 'नवऱ्याला टाईप वन डायबिटीस आहे, शुगर उतरली की वाट्टेल ते बोलतो, बायकोने मनावर घेऊ नये, आजार बोलत असतो.' खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मला नाही पटलं. ६० च्या खाली माणूस घामाघूम होऊन खेकसतो, ते मी घरात बघते. मेंदूलाच ग्लुकोज कमी पडतं, तेव्हा वाद घालू नये. ग्लुकोज पावडर पाजायची, १५ मिनिटं थांबायचं, परत बोट टोचायचं. मान्य. पण ११० म्हणजे नॉर्मल झाल्यावर? माझ्या वडिलांवरून नवरा जे बोलला ते बोललाच ना? आणि १४० ला पण तोच सूर असेल तर तो स्वभाव झाला.

मांडवीकर: सूनबाई, मला ५० च्या खालचं काही आठवतच नाही. गरब्याने उतरलेली साखर पहाटेपर्यंत उतरतच राहते. नवमीच्या रात्री बायको सरबत पाजत होती, मी म्हणे पेला भिंतीवर फेकला. सकाळी डाग दिसला तेव्हा कळलं. न आठवणाऱ्या गोष्टीची माफी कशी मागू?

रावपुऱ्याची सून: डाग कोणी पुसला?

कारेलीबागवाली: उलटी बाजू पण ऐका. टाईप वन मला आहे. मी जरा आवाज चढवला की सासूबाई म्हणतात, 'हिची शुगर बघ रे.' परवा लाईट बिल राहिलं म्हणून नवऱ्याला बोलले. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर असतो, त्यावर ११२. दाखवलं. तर म्हणे, 'बाण खाली आहे, म्हणजे शुगर उतरतेय.'

मांडवीकर: बाण खाली असेल तर त्याचं बरोबर आहे हो. नुसता आकडा बघून चालत नाही.

कारेलीबागवाली: आणि बिल?

कडूगोड: मुळात बडोद्याचं जेवणच नडतं. डाळीत गूळ, कढीत साखर, भाजीत पण साखर. कार्ब मोजणार कसे आणि इन्सुलिन घेणार किती?

दांडियाबाजार: आपल्या आमटीत गूळ नसतो?

कडूगोड: खडा असतो. ढेप नसते.

दांडियाबाजार: चार पिढ्या इथलं खाल्लंत आणि आता नावं ठेवता? एवढंच असेल तर पुण्याला जा.

कडूगोड: पुण्याचं काढू नका. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारलं, डाळीत गूळ किती? म्हणाला, 'स्वाद प्रमाणे.' यावर इन्सुलिन किती युनिट घेऊ, तुम्हीच सांगा.

दांडियाबाजार: डाळ वाटीभर खाता. बासुंदी किती हाणलीत ते सांगा की.

नानाकाका: रोज अनशापोटी कारल्याचा रस घ्या. माझ्या साडूचं औषध सुटलं, चिडचिडही गेली.

कारेलीबागवाली: काका, तुमच्या साडूंना टाईप टू असेल. आमचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. बंद केलं तर किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचून थेट आयसीयू. १९२२ ला माणसाला पहिलं इन्सुलिन टोचलं, त्याआधी टाईप वनची पोरं जगत नसत. असले सल्ले ऐकून जी चिडचिड होते ना, तिला शुगर लागत नाही.

नानाकाका: वडीलधाऱ्यांशी बोलायची ही पद्धत?

कारेलीबागवाली: आत्ता ९८ आहे. बाण सरळ.

रावपुऱ्याची सून: 😂 मांडवीकर, डाग?

मांडवीकर: बायकोनेच पुसला. झालं समाधान? यापुढे मी पुसेन. शुगर वर आली की काय बोललो तेही विचारून घेईन. पण भांडण सकाळी ९ नंतर.

रावपुऱ्याची सून: ९ नंतर तुम्ही ऑफिसात असता.